हेक्ससारख्या खेळावरचं डावपेचांचं पुस्तक वाचलं, तर खेळण्यातली मजा जाते का?

तुम्ही लिहिलंय की नियम दोन मिनिटांत कळले, दोन महिने मित्राशी खेळताय, बहुतेक डाव हरताय, आणि आता पुस्तक हाती लागलंय. पण वाचलं तर खेळ पाठांतराचा होईल आणि मित्राशी खेळणं एकतर्फी होईल, अशी धास्ती वाटते. मलाही वाटत होती. माझं पुस्तक वर्षभर कपाटात पडून होतं. शेवटी उघडलं ते लागोपाठ सात डाव हरल्यावर. जिज्ञासा वगैरे काही नाही, निव्वळ चिडून.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: षटकोनी घरांचा तिरका पट, बहुधा 11×11. दोन समोरासमोरच्या कडा तुमच्या, दोन माझ्या. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मरत नाही. आपल्या दोन कडा सलग सोंगट्यांनी जो जोडेल तो जिंकला.

पाठांतराचं आधी निकालात काढू. बुद्धिबळासारख्या लांबलचक सुरुवाती इथे घोकता येत नाहीत, कारण पहिली चाल झाली की दुसऱ्याला बाजू बदलून घेता येते. एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसंच. त्यामुळे पहिली सोंगटी मुद्दाम ना फार चांगली ना फार वाईट अशा घरात पडते. पाठ कराव्यात अशा गोष्टी म्हणजे कडेजवळच्या चार-पाच रचना. त्याही दहा डावांत अंगवळणी पडतात.

मग पुस्तकात उरतं काय? माझ्या मते एकच गोष्ट, पण मोठी: रिकामी घरं वाचायला शिकणं. नवखा खेळाडू सोंगट्या बघतो. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण ‘पूल’ दाखवतं. दोन सोंगट्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, पण दोघींना लागून असलेली दोन घरं रिकामी आहेत. समोरच्याने एक घेतलं की आपण दुसरं घ्यायचं. म्हणजे त्या आत्ताच जोडलेल्या आहेत, चाल खर्च न करता! हे कळल्यावर मी जुने डाव आठवून पाहिले आणि लाजच वाटली. जोडलेलंच पुन्हा जोडण्यात मी किती चाली वाया घालवल्या होत्या.

पण इथे एक सावधगिरी. पहिली तीन प्रकरणं वाचून मी आधीपेक्षा जास्त हरू लागलो. जिकडेतिकडे पूल दिसायला लागले आणि मी नाकासमोर एकामागून एक पूल टाकत सुटलो. एक डाव तर अजून विसरलेलो नाही. माझी सोंगटी माझ्या कडेपासून तिसऱ्या ओळीत होती. दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी जागा असेल तर अशी सोंगटी कडेला पोचलीच म्हणायची (चौथ्या ओळीवर तीच खात्री हवी असेल तर बरीच जास्त जागा लागते). तिच्या मागे साखळीही पक्की जोडलेली. मी निवांत. समोरच्याने एक निरुपद्रवी दिसणारं घर घेतलं आणि मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. कडेपर्यंतच्या वाटेला ते घर लागत होतं आणि मागच्या जोडणीलाही. दोन्ही वाटा वेगवेगळ्या पाहिल्या तर पक्क्या, पण दोघींनी भरवसा ठेवला होता एकाच रिकाम्या घरावर. एक वाचवली की दुसरी गेली. घरी येऊन पुस्तक काढलं तर पुढच्याच प्रकरणात नेमकं हेच! आधी वाचलं असतं तर आकृती बघून ‘हो, बरोबर’ म्हणत पान उलटलं असतं. हरून वाचलं म्हणून भिनलं.

म्हणून वाचताना पट शेजारी मांडा. आकृती आली की खालचा मजकूर झाका, आपली चाल ठरवा, मग उत्तर बघा. प्रवासात नुसतं वाचून मला काहीही उपयोग झाला नाही. आणि लांबलचक शक्यतांची झाडं आली की खुशाल पुढे जा, मीही गेलो.

शिडीचं प्रकरण मात्र सोडू नका. तुमची सोंगटी दुसऱ्या ओळीत आहे, समोरचा खाली पहिल्या ओळीत अडवतो, तुम्ही बाजूला सरकता, तो पुन्हा अडवतो, आणि हे कोपऱ्यापर्यंत चालतं. तिथे तुम्ही हरता. पण वाटेत पुढे तुमचीच एक सोंगटी कडेला जोडून बसलेली असेल, तर शिडी तिला जाऊन भिडते आणि जिंकता तुम्ही. खरी गंमत म्हणजे ती सोंगटी आधीच, दुसऱ्याच कुठल्या तरी निमित्ताने ठेवून देणं. हे मला अजून धड जमत नाही.

खेळाचं गूढ संपेल ही भीतीही सोडा. हा खेळ 1942 मध्ये डेन्मार्कच्या पीट हाइन यांना सुचला आणि काही वर्षांनी, 1948 च्या सुमारास, स्वतंत्रपणे अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅश यांना. इथे बरोबरी होऊच शकत नाही. पट पूर्ण भरला तरी कुणीतरी एकच जोडलेला असतो. बाजूबदल नसेल तर अचूक खेळणारा पहिला खेळाडू नक्की जिंकतो, हे नॅश यांनी सिद्ध केलं. युक्तिवाद असा: समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकण्याची पद्धत आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवून तीच पद्धत चोरावी. जादा सोंगटी हेक्समध्ये कधीच नडत नाही, म्हणजे दोघंही जिंकणार, आणि ते तर अशक्य. फक्त जिंकायचं कसं, याबद्दल ही सिद्धता एक अक्षर बोलत नाही! 9×9 पर्यंतच्या पटांची उकल संगणकांनी केली आहे, पण तुम्ही 11×11 वर खेळताय. तिथे पुस्तकही अंदाजच शिकवतं, फक्त बरे अंदाज.

राहिला तुमचा मित्र. माझ्या जोडीदाराला मी पुस्तक वाचायला दिलं, म्हटलं सामना बरोबरीचा राहील. त्याने एकच प्रकरण वाचलं, अडवण्याचं: समोरच्याच्या सोंगटीला चिकटून अडवू नका, लांबून अडवा. तेवढ्या भांडवलावर तो मला गेला महिनाभर हरवतोय. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.