बैरंग आला की बेरंग झाला?

प्रश्न असा आलाय: "आमच्या भुसावळकडे 'पोरगा नोकरीसाठी मुंबईला गेला आणि बैरंग परत आला', म्हणजे काम न होता रिकाम्या हाताने आला, असं सर्रास म्हणतात. ऑफिसातली पुण्याची मैत्रीण म्हणते बैरंग असा शब्दच नाही, खरा शब्द बेरंग, आणि तोही इथे बसत नाही. मग आम्ही आयुष्यभर चुकीचंच बोलत आलो का?"

नाही हो, अजिबात नाही. दोन्ही शब्द आहेत, फक्त त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. बेरंग म्हणजे रंगाला फारसी 'बे' लागलेला, रंगाचा बेरंग झाला म्हणतो तो. आणि बैरंग हा चक्क इंग्रजी शब्द आहे, पोस्टातला 'बेअरिंग'. तिकीट न लावताच पेटीत टाकलेल्या पत्राला पोस्टात बेअरिंग लेटर म्हणायचे, म्हणजे हशील अंगावर घेऊन निघालेलं पत्र, ते ज्याच्या दारात पोचेल त्याने पैसे भरून सोडवून घ्यायचं. साहेबाचं बेअरिंग हरकारे आणि पोस्टमनच्या तोंडी पडलं आणि त्याचं बैरंग झालं, हिंदीत तर 'बैरंग लौटना' अगदी रुळलेलं आहे, आणि आपला खानदेश बऱ्हाणपूर-खंडव्याला चिकटून, त्यामुळे तो आपल्याकडेही मुरला.

काही जण छातीठोकपणे सांगतात की पाकिटावर रंगीत तिकीट नाही म्हणून ते बैरंग. ऐकायला झकास आहे, आणि १८५४ ची तिकिटं खरंच रंगीत होती, अर्ध्या आण्याचं निळं, एक आण्याचं लाल, दोन आण्याचं हिरवं. पण व्युत्पत्ती म्हणून हे साफ चूक. शब्दाला आपल्या ओळखीचे कपडे घालायची लोकांना हौसच असते.

आता गंमत बघा, पत्राचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे ही खरं तर जुनी रीत. इंग्लंडात १८४० पर्यंत बहुतेक पत्रांचं तसंच चालायचं. त्यात लोक चलाखी करायचे, पाकिटाच्या बाहेरच ठरलेली खूण करायची, घेणारा ती बघून 'सगळं ठीक आहे' हे समजून घ्यायचा आणि पत्र नको म्हणून परत करायचा, फुकटात निरोप! मग रोलंड हिल नावाच्या टपालसुधारकाच्या योजनेतून १८४० च्या मे महिन्यात पेनी ब्लॅक तिकीट आलं, आधी भरलं तर एक पेनी, नाही भरलं तर घेणाऱ्याला दोन. आपल्याकडे १८५२ मध्ये सिंधपुरती तिकिटं निघाली आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या देशात, पाव तोळ्याचं पत्र कुठूनही कुठेही अर्ध्या आण्यात, त्याआधी अंतर मोजून पैसे लागायचे. बिनतिकिटाच्या पत्राला दुप्पट. म्हणजे काल जी सरळ रीत होती ती आज दंडाची झाली, आणि तिला वेगळं नाव लागलं, तेच हे बैरंग.

लहानपणी अमळनेरजवळ आजीकडे एक असं पत्र आलेलं मी पाहिलंय. मामाआजोबांनी तिकीट बहुतेक खळीने चिकटवलं असणार, ते वाटेत कुठेतरी गळून पडलं, पाकिटाच्या कोपऱ्यात नुसता पिवळट चौकोन उरलेला. पोस्टमन ओट्यावरूनच म्हणाला, "बैरंग शे, माय." आजी तडकली, "मना भाऊना कागद शे, पैसा कसाना?" शेवटी कनवटीचे पैसे सोडले, दोनदा मोजून दिले. आत दोन ओळी होत्या, इकडे सर्व क्षेम आहे, तिकडील कळवणे.

तिने घेतलं नसतं तर? तर पत्र उलट पावली मामाआजोबांकडे, आणि पैसे त्यांच्याच बोकांडी. मला वाटतं बैरंग परत येण्याचा आजचा अर्थ इथेच जन्मला: गेला, दारापर्यंत पोचला, कोणी आत घेतलं नाही, होता तसा परत. नुसतं 'रिकाम्या हाताने' म्हटलं की त्यातला हा नाकारलं गेल्याचा भाग येत नाही, म्हणून मला बैरंग जास्त आवडतो.

अजून एक. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यातल्या मोटरचं 'बेरिंग गेलं' म्हणतात ना, ते हेच बेअरिंग! मूळ क्रियापद वाहणे, पेलणे याच अर्थाचं. पत्र हशिलाचा भार वाहतं, बेरिंग फिरत्या शाफ्टचा. एकच शब्द आपल्या घरात दोनदा शिरला, एकदा पोस्टमनच्या पिशवीतून आणि एकदा मेकॅनिकच्या पेटीतून, आणि दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

वापराचं म्हणाल तर गोंधळ होऊ नये. बेरंग होतो किंवा कोणीतरी करतं. बैरंग मात्र येतो, जातो, पाठवला जातो, आणि पोरगा असो, पोरगी असो की पाकीट, शब्द बदलत नाही. पुण्याच्या मैत्रिणीला हा ओळखीचा नसेल तर तिचाही दोष नाही, तिकडे अशा पत्राला लोक नॉटपेड म्हणायचे, कोणी नाटपेड. तोही इंग्रजीच. पण 'पोरगा मुंबईहून नॉटपेड आला' असं मी अजून तरी कोणाकडून ऐकलेलं नाही.