बँकॉकला उतरल्या उतरल्या : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बँकॉकमधल्या माझ्या पहिल्या आठवड्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, व्हॉट्सॲपवर आणि पत्रांतून प्रश्नच प्रश्न. काय बघायचं, शॉपिंग कुठे करायची हे सगळ्यांना माहितीये, ते कोणी विचारत नाही, विचारतात ते हे की तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस नेमकं कसं वाटतं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी चार वर्षं तिथे काढलीयेत, त्यामुळे जे सांगतेय ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे, गाइडबुकमधलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा बँकॉकला नोकरीला लागलाय. मी ६१ वर्षांची, पहिल्यांदाच परदेशात जातेय आणि तेही एकटी. मुलगा म्हणतो आई मला त्या दिवशी सुट्टी नाही, तू एअरपोर्टवरून ट्रेनने ये. मला दादरला उतरायचं म्हटलं तरी धडधडतं, तिथे कसं होणार माझं? – एक आई, नाशिक

काकू, दादरला धडधडतं पण उतरता ना? मग झालं तर. बँकॉकला तुम्हाला कोणी मागून ढकलणार नाही, एवढाच फरक.

आधी एक काम मुलाकडून करून घ्या. थायलंडमध्ये शिरण्याआधी एक डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, १ मे २०२५ पासून ते सुरू झालंय, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती लगेच बंद करा, ती सरकारी नाही.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. पाटीवर इंग्रजीत अगदी तसंच लिहिलंय, वाचून आपल्याला भरून येतं, पण तिथल्या कोणाला "सुवर्णभूमी" म्हणालात तर तो नुसता बघत राहील कारण ते लोक त्याला सुवन्नफूम म्हणतात. (समुद्रमंथनाचा तो मोठा देखावा, वासुकी आणि देव-दानववाला, तो परत जाताना डिपार्चरला दिसतो, येताना शोधत बसू नका. मी शोधला होता.) बॅग घेतली की तळघरात जायचं, तिथे ट्रेन आहे. एकूण आठ स्टेशनं, शेवटचं फया थाय, भाडं ४५ बाथ, अर्धा तास. एअरपोर्टमधून बाहेर पडली की सगळी लाइन पुलावरून जाते त्यामुळे खिडकीतून आधी मोकळी सपाट जमीन, मग कालव्याकाठची पत्र्याची घरं आणि मग हळूहळू उंच उंच बिल्डिंगा असं दिसत जातं, मला तर ती अर्धा तासाची ट्रेन पुढच्या कित्येक ट्रिपांपेक्षा जास्त आठवते. बॅगा जड असतील तर खालच्या मजल्यावर टॅक्सीचं मशीन आहे, बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावर लेनचा नंबर असतो, त्या लेनमधली टॅक्सी आपली. मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, वर एअरपोर्टचे ५० आणि टोल वेगळा. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकायची नाही, आपल्याकडेच ठेवायची.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरेल. आत एसी इतका थंड असतो की स्वेटर आठवतो आणि बाहेर मे महिन्यातल्या कोकणासारखं चिकचिक. घाबरून जाऊ नका, दोन मिनिटं थांबा, चष्मा पुसा, मग चाला.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि दुपारपर्यंत कळेचना काय ते. सुखुमवित नावाच्या मोठ्या रस्त्यावर एका चौकात उभी होते, सिग्नल लाल, पुढे मोटारसायकलींचा हा घोळका, मागे गाड्यांची रांग पार दिसेनाशी झालेली, आणि हॉर्न नाही! एकही नाही. सिग्नल हिरवा झाला, पुढचा अजून हेल्मेटचा पट्टा लावतोय, तरी मागचा गप्प. आपल्याकडे तोवर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. ऐकायला छान वाटतं पण काकू, यातच धोका आहे, कारण आपण रस्ता डोळ्यांनी नाही, कानांनी ओलांडतो. मागून काही आलं तर ते वाजवेलच ही आपली खात्री. तिथे मोटारसायकलवाला फुटपाथवर चढून तुमच्या मागे येतो आणि तुम्ही बाजूला व्हायची वाट बघत चुपचाप उभा राहतो, मी एकदा अशीच अर्धी गल्ली एकाच्या पुढे रमतगमत चालत गेले होते आणि वळून बघितलं तर हा आपला शांतपणे पाय टेकत टेकत मागे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेवढं बरंय. पण मान वळवून बघायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त संस्कृत शिक्षक. नकाशावर अयुथया, सुखोथाय, अशोक अशी नावे पाहून कुतूहल वाटते. तिथे आपल्याला भाषा थोडीफार कळते का हो? – सांगली

सर, तुम्हाला तिथे वेड लागेल. डोळ्यांना सगळं कळेल आणि कानांना काहीच नाही.

थाई लिपी कंबोडियाच्या ख्मेर लिपीवरून आली आणि ती पुढे दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपर्यंत जाते, त्यामुळे संस्कृत शब्द ते लिहितात बऱ्यापैकी मूळ स्पेलिंगनं पण बोलतात थाई जिभेनं. शेवटची अक्षरं गिळतात, ज्या अक्षराचा उच्चार करायचा नाही त्याच्या डोक्यावर एक छोटीशी खूण करून ठेवतात, म्हणजे अक्षर आहे पण मुकं. अयुथया म्हणजे अयोध्या, सुखोथाय म्हणजे सुखोदय हे तुम्ही ओळखलंच असेल. वार घ्या. रविवार तो आथित, आदित्य. सोमवार चान, लिहिताना त्यात चंद्रातला र असतो, बोलताना नसतो. बुधवार फुत, शुक्रवार सुक. आणि मंगळवार आंगखान! मला हा महिनाभर उलगडला नव्हता, मग एका मंगळवारी गणपतीचा फोटो पुसताना डोक्यात टाळी वाजली, अरे हा तर अंगार, आपली अंगारकी. गणपतीसुद्धा आहेच तिथे, फ्रा फिकनेत म्हणतात, म्हणजे विघ्नेश, आणि त्यांच्या ललित कला खात्याच्या बोधचिन्हात तोच बसलाय. एप्रिलमधल्या पाण्याच्या सणाचं नाव सोंगक्रान, म्हणजे संक्रांत.

आणि "बँकॉक" हे आपण म्हणतो, ते नाही म्हणत. ते म्हणतात क्रुंग थेप, देवांचं नगर, थेप म्हणजे देव. बर्मी सैन्याने १७६७ साली जुनी राजधानी अयुथया उद्ध्वस्त केली, नंतर १७८२ मध्ये पहिला राम या थाई राजाने राजधानी नदीच्या या काठावर आणली आणि शहराला जे लांबलचक नाव मिळालं ते उलगडून तुमच्यासमोर ठेवलं तर असं काहीतरी निघतं : अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, महातिलक, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेशन, महास्थान, अमर विमान, अवतार, स्थित... शेवटी इंद्राने दिलेलं आणि विश्वकर्म्याने बांधलेलं. थाई शाळांतली पोरं हे गाणं करून पाठ करतात. तुम्ही एखाद्या टॅक्सीवाल्यापुढे संस्कृत उच्चारात म्हणून बघा, एक शब्द त्याला कळला तर मला कळवा.

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही सहा मित्र जाऊन आलो. पहिल्याच संध्याकाळी स्टेशनवर सगळे एकदम पुतळ्यासारखे थांबले, आम्ही आपले चालतोय, लोक बघायला लागले. नंतर टॅक्सीवाला मीटर लावेना, मी जरा आवाज चढवला तर तो हसायलाच लागला, माझं डोकंच सटकलं. लोक म्हणतात फार गोड माणसं आहेत, मला तर काय तसं वाटलं नाही. – कोल्हापूरहून एक जण

दादा, संध्याकाळचे सहा वाजले होते ना? रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, स्टेशनवर, बागेत, सरकारी ठिकाणी, आणि जो जिथे असेल तो तिथे उभा राहतो. मिनिटभराचा प्रश्न. माझंही तेच झालं होतं, वर मी फोनवर आईशी जोरजोरात बोलत होते, "अगं भाजी काय, सगळं मिळतं इथे", आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मवर फक्त माझा आवाज. कोणी काही बोललं नाही. एका शाळकरी मुलीने नुसतं खाली बघितलं, त्याचीच जास्त लाज वाटली.

टॅक्सीचं म्हणाल तर तुमची चूक नाही, मीटर न लावणारे तिथेही भेटतात. मला भर पावसात प्रतूनामच्या बाजारात एकाने ४०० सांगितले होते, मीटरने निम्मेही झाले नसते. पण आवाज चढवला तिथे तुमचं गणित चुकलं. आपल्याकडे आवाज चढला की समोरचा एकतर चढतो नाहीतर नमतो, काहीतरी होतं. तिथे चारचौघांत ओरडणाऱ्याची उलट समोरच्यालाच लाज वाटते आणि तो ती लाज हसून लपवतो. तो तुम्हाला हसत नव्हता हो. "जाय येन" म्हणतात ते, म्हणजे मन थंड ठेव. मीटर नाही म्हणाला की दार लावायचं, मान हलवायची, पुढची टॅक्सी. नाहीतर ॲपवरून गाडी, नाहीतर केशरी जाकीटवाली मोटारसायकल, गल्लीच्या तोंडाशी बसलेले असतात ते, फक्त बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

गोड आहेत का? आहेत, पण हळू आवाजात. तुमच्या ग्रुपमध्ये सहा कोल्हापूरकर होते म्हणता, मग ऐकू आलं नसेल.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, मिस्टर कांदा-लसूणही खात नाहीत. पहिल्या दिवशी उपाशी राहायची वेळ येईल का? खाकरे किती न्यावेत? – पुणे

खाकरे न्या, त्याला माझी ना नाही, पण सूटकेसभर नको.

खरं सांगायचं तर पहिला अनुभव वासाचाच असतो. गल्लीत शिरलं की एका गाडीवर काहीतरी भाजतंय, दुसऱ्या गाडीवर मोठ्या लाकडी दांड्याने उखळात कच्ची पपई कुटणं चाललंय, टॉक टॉक टॉक, तिखट आणि लिंबू नाकात जातं आणि तोंडाला पाणी सुटतं, आणि तेवढ्यात ती बाई त्यात वाळकी कोळंबी टाकते. झालं. तुम्ही "नो चिकन, नो फिश" म्हणालात तरी नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी, जातंच, कारण तिच्या लेखी तो मासा नाही, मीठ आहे. आपण पोळीला तेल लावलं हे सांगतो का कोणाला? तसंच.

म्हणून शब्द एकच पाठ करा, "जे". पिवळ्या झेंड्यावर किंवा पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आकडा १७ सारखं काहीतरी दिसतं ते. जे म्हणजे मांस, मासा, अंडं, दूध काही नाही आणि वर कांदा-लसूणही नाही, मिस्टरांची सोयच झाली. ऑक्टोबरच्या सुमारास चिनी पंचांगाप्रमाणे नऊ दिवस जेचा उत्सव असतो, तेव्हा तर जिकडे तिकडे पिवळे झेंडे. एरवी "माय साय नाम प्ला" म्हणायचं, नाम प्ला घालू नका. पाहुरातला आपली भारतीय वस्ती आहे, तिथे मोठा गुरुद्वारा आहे, लंगर असतो, पहिल्या दिवशी अगदीच धीर सुटला तर तिकडे जा.

आणि पार्सल बघून दचकू नका. पातळ कालवण ते साध्या पारदर्शक पिशवीत ओततात, पिशवीत हवा भरून तिला फुग्यासारखं टम्म करतात आणि तोंडाला रबर बँडचे असे काही वेढे देतात की थेंब सांडत नाही. तो रबर बँड सोडायला मला पहिल्या रात्री दहा मिनिटं लागली, शेवटी कात्रीने कापला आणि ओट्यावर सगळा रस्सा. एक टोक ओढायचं असतं, मग आपोआप सुटतो, हे शेजारणीने नंतर दाखवलं.

प्रश्न : कनेक्टिंग फ्लाइट आहे, शहरात फक्त एक दुपार मिळतेय. राजवाडा बघू का? – ठाणे

नको. राजवाडा उन्हात आणि रांगेत जाईल, तिकीट ५०० बाथ, शिवाय गुडघे-खांदे झाकलेले हवेत. तुम्ही सेन सेपच्या कालव्यातली बोट पकडा, प्रतूनामपर्यंत. ही टुरिस्टची बोट नाही, ऑफिसला जाणाऱ्यांची लोकल आहे, धक्क्याला पुरती थांबतसुद्धा नाही, चढायचं ते पटकन. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत चालत तिकीट फाडतो, पूल ठेंगणा आला की बोटीचं छप्परच खाली येतं. कडेच्या सीटवर बसलात तर शेजारी एक दोरी लोंबत असेल, समोरून दुसरी बोट आली की ती ओढायची, प्लॅस्टिकचा पडदा वर येतो आणि पाणी बाहेरच राहतं. मागचे सगळे तुमच्या भरवशावर बसलेले असतात, तेव्हा फोटो नंतर काढा. ते पाणी काळं आहे आणि वास मारतं.