जुना व्हिडिओ बघून नवीन टूल चालवताना

वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयावरचा आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बसून कोड लिहून देणारी एआय टूल्स, त्यातही गूगलचं जेमिनी सीएलआय. २५ जून २०२५ ला ते बाहेर आलं, कोड अपाचे २.० लायसन्सखाली सगळ्यांसाठी उघडा, आणि तेव्हापासून ते इतक्या वेगाने बदलतंय की दोन महिन्यांपूर्वी शिकलेलं आज जसंच्या तसं चालेल असं धरून बसता येत नाही. म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्हिडिओत बघितलं की टूल सुरू करताना कमांडपुढे चेकपॉइंटिंगचा फ्लॅग (जादा शब्द) लावला की एआयने फाइल बिघडवली तरी परत मागे जाता येतं. मी तोच फ्लॅग लावतो तर टूल ओळखतच नाही, दोनदा काढून परत इन्स्टॉल केलं. माझ्या लॅपटॉपमध्येच काही गडबड आहे का?

लॅपटॉप ठीक आहे रे, आणि तुझंही काही चुकलेलं नाही. तो व्हिडिओ ज्या दिवशी केला त्या दिवशी बरोबरच होता. चेकपॉइंटिंगचा तो फ्लॅग ०.११.० या व्हर्जनपासून काढून टाकलाय. सोय तशीच आहे, फक्त ती चालू करायची जागा बदलली, आता ती सेटिंग्ज डॉट जेसॉन या फाइलमधूनच चालू होते.

आणि इथेच दुसरा खड्डा आहे, कारण त्या फाइलची मांडणीही मध्ये बदलली. आधी सगळ्या सेटिंग्ज एकाखाली एक सपाट लिहिलेल्या असायच्या, थीम म्हणजे नुसतं थीम. मग ठरलं की त्यांचे गट करायचे, थीम गेली यूआय या गटात, चेकपॉइंटिंग गेलं जनरल या गटात. स्टेबल (सगळ्यांसाठीच्या पक्क्या) व्हर्जनमध्ये नवीन मांडणी १० सप्टेंबर २०२५ पासून आणि जुन्या फाइली आपोआप नव्या मांडणीत बदलायला सुरुवात १७ सप्टेंबरपासून, असं जाहीर झालं होतं. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतला किंवा लेखातला तुकडा उचलून आजच्या फाइलमध्ये चिकटवला तर तो चुकीच्या जागी बसतो आणि आपण डोकं धरून बसतो.

तर तू असं कर. होम फोल्डरमध्ये डॉट जेमिनी नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्यातली सेटिंग्ज डॉट जेसॉन उघड, जनरलच्या आत चेकपॉइंटिंग आणि त्याच्या आत एनेबल्ड ट्रू. मग टूल प्रत्येक वेळी फाइल बदलायच्या आधी तुझ्या प्रोजेक्टचा फोटो काढल्यासारखी एक प्रत बाजूला ठेवतं, ती तुझ्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या प्रती राखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ढवळाढवळ न करता वेगळ्या लपलेल्या गिटमध्ये राहते, आणि स्लॅश रिस्टोअर म्हटलं की फाइली आणि बोलणं दोन्ही त्या क्षणाला परत येतात. हे मुळात बंद असतं हे मात्र विसरू नकोस, आपण चालू केल्याशिवाय ते काहीही राखून ठेवत नाही.

आणि तरीसुद्धा गिटमध्ये स्वतः कमिट करायची, म्हणजे प्रत नोंदवून ठेवायची, सवय ठेव. ठाण्याच्या एका वाचकाने कळवलंय की त्यांच्याकडच्या अशाच एका टूलने नवीन फोल्डर तयार झालं असं समजून त्यात फाइली हलवल्या, फोल्डर प्रत्यक्षात झालंच नव्हतं, आणि एकावर एक लिहिल्या जाऊन शेवटची तेवढी उरली. त्यांचा चार दिवसांचा अभ्यास गेला. ते पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण एक कमिट असता तर सगळं परत आलं असतं.

यापुढे कुठलाही व्हिडिओ बघताना आधी त्याची तारीख बघ, मग टूलमध्ये स्लॅश अबाउट टाकून आपलं व्हर्जन बघ, आणि दोन्हींत अंतर असेल तर थेट रेपोमधलं, म्हणजे टूलचा कोड जिथे ठेवलाय तिथलं, डॉक्युमेंटेशन वाच.

प्रश्न : दर आठवड्याला अपडेट का येतं? एकदाच काय ते नीट करून का देत नाहीत? (कोल्हापूर)

कारण कामाची पद्धतच तशी ठरवलीय. तीन वाटा आहेत. नाइटली म्हणजे रोज रात्री जे काही तयार असेल ते. प्रिव्ह्यू दर मंगळवारी. आणि गेल्या मंगळवारचा प्रिव्ह्यू आठवडाभर लोकांनी वापरला, त्यातल्या चुका निघाल्या, की या मंगळवारी तोच स्टेबल होतो. स्टेबलची वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे रात्री आठची, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड, त्यामुळे बुधवारी सकाळी टूल थोडं वेगळं वाटलं तर कारण हेच असतं.

कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा ऑफिसची डेडलाइन चालू असेल तर स्टेबलच ठेवा, आपोआप अपडेट बंद करायची सेटिंग आहे ती वापरा, आणि एनपीएमने (पॅकेज उतरवून देणाऱ्या टूलने) इन्स्टॉल करताना पॅकेजच्या नावापुढे ॲट लावून व्हर्जनचा आकडा द्या म्हणजे तेच राहील. फक्त ते कायमचं गोठवून ठेवू नका, का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : टूल दर वेळी विचारतं, ही कमांड चालवू का? मी कंटाळून "नेहमी परवानगी" देऊन टाकते. मैत्रीण म्हणते यातून पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. खरं आहे का? (पुणे)

मैत्रीण बरोबर सांगतेय, आणि हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर देणार आहे.

जेमिनी सीएलआय आल्यावर दोनच दिवसांत, २७ जून २०२५ ला, ट्रेसबिट या सिक्युरिटी कंपनीने गूगलला एक भोक कळवलं. प्रकार असा होता. समजा तुम्ही इंटरनेटवरून कोणाचातरी प्रोजेक्ट उतरवला आणि टूलला म्हणालात, जरा यात काय आहे ते बघून सांग. टूल त्यातली रीडमी फाइल वाचतं. त्या फाइलमध्ये लायसन्सचा लांबलचक मजकूर, जो माणूस कधीच शेवटपर्यंत वाचत नाही, आणि त्याच्या पोटात एआयसाठी लपवलेली सूचना. त्या सूचनेप्रमाणे टूल आधी तुम्हाला ग्रेप चालवू का असं विचारतं. ग्रेप म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधणं, त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही, आपण म्हणतो हो, आणि परत परत विचारू नकोस. झालं. पुढची कमांडसुद्धा ग्रेपनेच सुरू होते पण तिला मागून शेपूट जोडलेलं असतं, तुमच्या मशिनवरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमसाठी साठवलेल्या सेटिंग्ज) गोळा करून बाहेरच्या सर्व्हरला पाठवण्याचं. एपीआय की, टोकन अशा पासवर्डसारख्या गोष्टी बऱ्याच जणांच्या तिथेच असतात. टूल नीट तपासत नव्हतं, सुरुवातीला ग्रेप दिसलं की परवानगी आहे असं धरायचं. वरून मध्ये भरपूर मोकळ्या जागा घातल्यामुळे ते शेपूट स्क्रीनवर दिसायचंसुद्धा नाही.

हे ०.१.१४ या व्हर्जनमध्ये बंद केलं, २५ जुलै २०२५ ला. म्हणजे जवळजवळ एक महिना. त्यानंतरही ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते आजही उघडेच आहेत, म्हणून वरती म्हटलं की जुनं व्हर्जन गोठवून ठेवू नका.

भोक बुजवलं तरी मूळ गोष्ट तीच राहते, की हे टूल जे वाचतं त्यातून त्याला सूचना मिळू शकतात, मग ती सूचना तुम्ही दिलेली असो की परक्या फाइलने. म्हणून ओळखीच्या नसलेल्या प्रोजेक्टवर काम करताना सँडबॉक्स, म्हणजे टूलला बाकी मशिनपासून वेगळं ठेवणारी बंद खोली, चालू करा, डॉकर किंवा पॉडमन हे सॉफ्टवेअर असेल तर त्यात चालतं, मॅकवर त्यांची स्वतःची सीटबेल्ट नावाची सोय वापरली जाते. सँडबॉक्स नसेल तर खालच्या पट्टीत तसं लिहून येतं, तिकडे लक्ष असू द्या. आणि "नेहमी परवानगी" ऐवजी "या वेळेपुरती" निवडा. कंटाळा येतो हे मला मान्य आहे, दिवसाला पन्नास वेळा हो म्हणायचं म्हणजे काय, पण ती ओळ वाचायला दोन सेकंद लागतात हो.

याच बाबतीत ओपनएआयच्या कोडेक्स सीएलआयकडे बघण्यासारखं आहे. तेही ओपन सोर्स, १६ एप्रिल २०२५ ला आलं, आधी टाइपस्क्रिप्टमध्ये होतं आणि मग रस्टमध्ये नव्याने लिहून काढलं. एक कारण इन्स्टॉलचं, मशिनवर नोड या सॉफ्टवेअरचं २२ किंवा पुढचं व्हर्जन नसेल तर अडायचं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की लिनक्स आणि मॅकच्या आतल्या सुरक्षेच्या सोयींना थेट हात घालता यावा. तिथे वर्कस्पेस राइट या मोडमध्ये टूलला तुमच्या फोल्डरमध्ये लिहिता येतं पण नेटवर्क मुळातच बंद असतं, म्हणजे वरच्यासारखं शेपूट लागलं तरी बाहेर काही जायला वाटच नाही. अशी मुळातच बंद ठेवलेली दारं मला सगळ्या टूल्समध्ये हवी आहेत.

प्रश्न : आमची नाशिकला सात जणांची सॉफ्टवेअर फर्म आहे. टूल ओपन सोर्स आहे म्हणजे क्लायंटचा कोड बाहेर जात नाही ना?

जातो. ओपन सोर्स आहे तो तुमच्या मशिनवर चालणारा भाग, म्हणजे टर्मिनलची खिडकी, फाइल वाचणं, कमांड चालवणं. विचार करणारं मॉडेल गूगलच्या सर्व्हरवर आहे आणि ते ओपन सोर्स नाही, त्याला विचारायचं म्हणजे कोडचे तुकडे तिकडे पाठवावेच लागतात. वैयक्तिक गूगल अकाउंटने फुकट वापरताना तुमचे प्रश्न आणि कोड त्यांची उत्पादनं सुधारायला वापरले जाऊ शकतात, माणसंही ते बघू शकतात, नको असेल तर स्लॅश प्रायव्हसीमध्ये जाऊन नाही म्हणायची सोय आहे. पैसे भरून घेतलेल्या एपीआय कीचे नियम वेगळे आहेत. तर सातही जणांनी आपापल्या जीमेलने लॉगिन केलं असेल तर आजच थांबवा, क्लायंटबरोबरचा करार काढून वाचा आणि फर्मच्या नावाने एकच पैसे भरलेलं खातं ठेवा.

फुकटच्या मर्यादेबद्दलही विचारलंय. सुरुवातीला मिनिटाला ६० आणि दिवसाला १,००० रिक्वेस्ट जाहीर केल्या होत्या. पण तुमचा एक प्रश्न म्हणजे एक रिक्वेस्ट नव्हे, एका कामासाठी टूल मॉडेलला दहा-पंधरा वेळा विचारू शकतं. आणि हे आकडे बदलत असतात, त्यावर धंद्याचं गणित बांधू नका.

प्रश्न : मी रत्नागिरीला शाळेत शिकवतो. मराठीत सूचना दिल्या तर चालतं का? टर्मिनलमध्ये अक्षरं फार विचित्र दिसतात.

सर, मॉडेलला मराठी कळतं, निःसंकोच लिहा. अडचण टर्मिनलची आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, एका अक्षराला एक घर, आणि आपली जोडाक्षरं, वेलांट्या त्या घरात बसत नाहीत, मग "क्ष" फुटतो, कर्सर भलतीकडेच उभा राहतो. यावर मला सोपा वाटलेला मार्ग असा, की सूचना नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये नीट लिहून त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करायची आणि टूलमध्ये ॲट लावून फक्त त्या फाइलचं नाव द्यायचं. कायमच्या सूचना, उदाहरणार्थ मुलांना समजतील अशा मराठी कॉमेंट लिही, त्या जेमिनी डॉट एमडी नावाच्या फाइलमध्ये ठेवा, टूल सुरू झालं की ती स्वतः वाचतं. तेवढाच मजकूर देवनागरीत बऱ्याचदा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) खातो, त्यामुळे फार पाल्हाळ नको.

प्रश्न : ताई, मला या टूलच्या कोडमध्ये स्वतः काहीतरी सुधारायचंय. माझ्यासारख्या नवख्या मुलीला घेतील का? (औरंगाबादहून मूळची, सध्या हैदराबाद)

घेतात ग, पण रीत पाळावी लागते. आधी गूगलचा सीएलए म्हणजे कोड देण्याबद्दलचा करारनामा ऑनलाइन मान्य करायचा. मग थेट कोड पाठवायचा नाही, आधी इश्यू (चुकीची किंवा सुधारणेची नोंद) हवा, हेल्प वॉन्टेड असं लेबल लावलेले इश्यू बघ, आणि पुल रिक्वेस्ट (तुझा बदल घ्या अशी विनंती) त्या इश्यूला जोड. पाठवायच्या आधी एनपीएम रन प्रीफ्लाइट चालव, त्यात बिल्ड, लिंट, टेस्ट सगळं एकदम होतं, ते हिरवं झाल्याशिवाय पाठवू नकोस. बदल छोटा ठेव, एका रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट.

सुरुवात डॉक्युमेंटेशनपासून करायला अजिबात लाजू नकोस. वरचं सांगलीचं पत्र बघ, सेटिंगची जागा बदलली की एखाद्या पानावर जुनी ओळ राहून जाऊ शकते आणि तिच्यापायी एखादा मुलगा दोनदा इन्स्टॉल करत बसतो. अशी एखादी ओळ सापडते का शोध, सापडली तर आधी त्यावर कोणी इश्यू उघडलाय का ते बघ, नसेल तर तू उघड.