वहीतला रिकामा रकाना

प्रिय बेटा,

परवा फियाटचा कार्ब्युरेटर साफ करता करता तू एकदम विचारलंस, काका तुम्ही रेसिंग सोडलं काऊन, तब्येत तर ठणठणीत आहे तुमची. मी जेटमध्ये, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, फुंकर मारत होतो, काहीतरी पुटपुटलो आणि तुला दहा नंबरचा पाना आणायला पाठवलं. तुझ्या लक्षात आलंच असेल. आता तू कॅलिफोर्नियाला जाऊन राहिलीस, शिकायला जातेस हे खरं, पण माझी जुनी गाडी ज्या नवराबायकोकडे आहे त्यांच्या टीममध्ये हात काळे करायलाही जाणार हे पक्कं झालंय, आणि ते म्हणतात वर्षभर नीट काम केलंस तर रूकी, म्हणजे नवखी ड्रायव्हर, म्हणून सीटवर बसवू. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच पाहिजे. तोंडाने मला जमणार नाही म्हणून लिहितो.

तू अजून सुरूही केलं नाहीस आणि मी सोडण्याबद्दल लिहितोय, हे विचित्र वाटेल. पण तिकडे गेलीस की बघशील, मीठावर, म्हणजे युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, जिथे एकेक गाडी वेगाच्या रेकॉर्डसाठी पळते, तिथे गाडी सोडण्याआधी सगळ्यात जास्त बोलणं थांबण्याबद्दलच होतं. टाइम होणारा मैल संपला की पाय हळूहळू वर घ्यायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, लावला तर गाडी फिरते, मग कोणत्या बाजूने ट्रॅकबाहेर निघायचं, रिटर्न रोड कुठे, आग लागली तर कोणता खटका आधी. नवीन ड्रायव्हरकडून हे डोळे बांधून करून घेतात. डोळ्यांवर पट्टी, हेल्मेट, पूर्ण फायरसूट, आणि तशात खटके बंद करून पट्टे सोडून स्वतःच्या जोरावर बाहेर यायचं. मला पहिल्यांदा वाटलं होतं की इतकं कशाला. तू घरी खुर्चीवर बसून आत्तापासून कर.

गाडीबद्दल तुला तुकड्यातुकड्यात सांगितलंय, एकदा सलग वाच. 1929 ची फोर्ड मॉडेल ए, रोडस्टर म्हणजे बिनछपराची बॉडी, 200 क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण 3.3 लिटरचं चार सिलिंडर इंजिन. कंपनीतून निघाली तेव्हा 40 हॉर्सपॉवर आणि रस्त्यावर फार तर 65 मैल, म्हणजे ताशी 105 किलोमीटर. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, फक्त तीन मेन बेअरिंग, आणि ती बॅबिट नावाच्या मऊ धातूची, ओतून केलेली. आपण हेड बदललं, कॅम बदलला, दोन कार्ब्युरेटर लावले, प्रेशर ऑइलिंग, म्हणजे दाबाने तेल पोचवणारी सोय, बसवलं आणि ती 112 मैलांपर्यंत गेली, ताशी 180 किलोमीटर. आजच्या गाड्यांपुढे हा आकडा लहान वाटतो, पण नव्वद वर्षांच्या इंजिनातून तो काढायला मला बावीस वर्षं लागली आणि त्यातलं एकही वर्ष फुकट गेलं असं मला वाटत नाही. 1935 च्या आधीच्या चार सिलिंडर इंजिनांना तिथे वेगळा क्लास आहे, म्हणून आपल्यासारख्यांना भिडायला जागा मिळते. रेकॉर्ड मला मिळालं नाही. 2008 ला एकदा जवळ गेलो होतो. स्पीड वीकला, म्हणजे तिथल्या ऑगस्टमधल्या धावांच्या आठवड्यात, पहिल्या धावेत रेकॉर्डच्या वर गेलं की गाडी इम्पाउंडमध्ये, म्हणजे राखीव आवारात, नेतात, काम करायला चार तास देतात, दुसऱ्या दिवशी सकाळी परत पळायचं आणि दोन्हींची सरासरी धरतात. सकाळच्या धावेत आपण कमी पडलो. ते मी पचवलंय.

आता 2019. ऑगस्ट, बॉनव्हिल, माझं वय 66. सकाळची लाइन, मीठ चांगलं कडक होतं. माझी सवय अशी की मैलाचा बोर्ड गेला की एक नजर ऑइल प्रेशरवर, एक टॅकवर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर, आणि परत समोर. 112 च्या वेगात मैल जातो 32 सेकंदांत, त्यामुळे नजर टाकायची आणि परत आणायची याला एक ठेका असतो, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या हाताला असतो तसा. बॅबिटला तेल मिळालं नाही तर ते वितळायला वेळ लागत नाही, म्हणून तो काटा बघणं सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी धाव छान झाली. गाडी सरळ गेली, पाय वेळेवर उचलला, रिटर्न रोडने आलो, वेगाची स्लिप घेतली, 109 मैल, सगळे खूष.

रात्री वेन्डोव्हरच्या मॉटेलमध्ये वही उघडली. प्रत्येक धावेचं एक पान असतं, रकाने आखलेले, हवेचा दाब, तापमान, जेट, प्लगचा रंग, आणि बोर्डवार ऑइल प्रेशर. पहिल्या मैलाचं भरलं. दुसऱ्या मैलाच्या रकान्यावर पेन टेकवला आणि मला आकडा आठवेना. आकडा विसरलो असतो तर वेगळं होतं. मी बघितलंच नव्हतं. दुसरा बोर्ड गेलेलाच मला आठवत नव्हता. पहिला आठवतो, तिसरा आठवतो, मधलं मिनिटभर कुठे होतो ते माहीत नाही.

काही झालं नव्हतं, बेटा. काटा जागेवरच असणार, कारण इंजिन ठीक होतं. कोणाला कळलंही नसतं. मागच्या पानांवरून बघून 45 लिहिलं असतं तर पान पूर्ण झालं असतं, आणि खरं सांगतो, पेन तिकडे वळलाही होता. मग ठेवून दिला. रकाना रिकामा आहे, अजून आहे.

सकाळी मी एक चूक केली ती तुला सांगायचीच आहे. टीमला मी म्हटलं की खालून आवाज येतोय, बेअरिंग गेलं वाटते, आज नको पळायला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि भर उन्हात ऑइल पॅन, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, उतरवायला घेतला. मीठावर ऊन खालूनही येतं, हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतपर्यंत भाजतं, आणि तीन माणसं माझ्या खोट्यासाठी गाडीखाली पडली होती. पाऊण तास मी ते बघत उभा राहिलो. मग सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि वही दाखवली. कोणी काही बोललं नाही, एकाने पॅनचे बोल्ट परत कसायला घेतले. तेव्हा तुझ्यावर कधी अशी वेळ आली तर गाडीवर ढकलू नको. गाडी बिचारी बोलत नाही, आणि लोक तुझ्यासाठी तिच्याखाली जातात.

घरी आल्यावर मी बावीस वर्षांच्या सगळ्या वह्या काढून बसलो, मागे कुठे काही दिसते का म्हणून. आणि तिथे मला माझी खरी चूक सापडली. गाडीचं सगळं होतं. प्लग कोणत्या दिवशी किती करडा झाला ते होतं, मीठ ओलं होतं की कोरडं ते होतं. माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. रात्री किती झोपलो, पट्टे लावायला किती वेळ लागला, उन्हाच्या चमकेत बोर्ड लवकर दिसला की उशिरा, काही नाही. आठवायला बसलो तेव्हा आठवलं की 2016 पासून पट्ट्याचं बकल मला दोनदा लावावं लागत होतं, 2017 ला एकदा पाय उशिरा उचलला गेला आणि मी वाऱ्याला दोष दिला. इंजिनमधलं इतकं सगळं मोजणारा माणूस, आणि सीटवर बसलेलं यंत्र एकदाही मोजलं नाही. म्हणून तुला माझं सांगणं एवढंच आहे की पहिल्या दिवसापासून वहीत ड्रायव्हरचा रकाना ठेव. वयाचा यात काही संबंध नाही, तू चोवीस वर्षांची असलीस तरी परीक्षेच्या आठवड्यात तीन तास झोपून तिथे पोचशीलच, तुला मी ओळखतो. काय चुकलं ते लिही, काय बघायचं राहिलं ते लिही, आणि न बघितलेला आकडा कधी भरू नको.

मी थांबतोय म्हटल्यावर तिथले जुने लोक बर्ट मन्रोचं नाव घ्यायला लागले. न्यूझीलंडचा म्हातारा, 1920 ची इंडियन स्काउट मोटरसायकल, घरच्या शेडमध्ये पिस्टन ओतायचा, 1967 ला 68 व्या वर्षी 184.087 मैलांचं रेकॉर्ड केलं त्याने. म्हणाले तू तर 66 चा आहेस. मला मन्रोबद्दल अपार आदर आहे. पण दुसऱ्याच्या वयावरून आपला काटा वाचता येत नाही. त्याला दुसरा बोर्ड दिसला असेल. मला दिसला नाही.

जुना इंग्लिश रेकॉर्डवाला माल्कम कॅम्पबेल, त्याचं मला जास्त जवळचं वाटतं. ताशी 300 मैल हा आकडा त्याने धरला होता, 3 सप्टेंबर 1935 ला बॉनव्हिललाच 301.129 झाले, पहिल्या धावेत पुढचा टायर फुटूनही झाले, आणि जमिनीवरचं त्याने तिथे सोडलं, पन्नासाव्या वर्षी. आकडा आधी ठरलेला असला की निदान थांबायची जागा दिसते. पण तोही मग पाण्यावर बोटीच्या रेकॉर्डमागे गेला, म्हणजे खाज जात नाही हे धरूनच चालायचं. माझीही गेली नाही.

आणखी एक. "ही माझी शेवटची धाव" असं जाहीर करून कधी सीटवर बसू नको. मला तिथे सगळे म्हणत होते की एक शेवटची धाव मार, व्हिडिओ काढू, काकूही बघेल. मी नाही म्हटलं. शेवटची म्हटली की ती सगळ्यात चांगली व्हावी असं वाटते, मग पाय अर्धा सेकंद जास्त राहतो, आरपीएम शंभर-दोनशे वर जातात, आणि तीन बेअरिंगच्या क्रँकला तेवढं पुरतं. माझी शेवटची धाव शेवटची आहे हे मला ती झाल्यावर कळलं, आणि ते बरं झालं.

गाडीचं सांगतो. एका संग्राहकाने पुष्कळ जास्त पैसे देऊ केले होते, तो तिला काचेमागे ठेवणार होता. मीठावर पळालेली गाडी कितीही धुतली तरी चासीच्या सांध्यात मीठ राहतंच, आणि उभी राहिली की आतून गंजत जाते. तिला पळवणारं, उघडणारं, पुसणारं माणूस पाहिजे. म्हणून कमी पैशात या नवराबायकोला दिली, सगळे स्पेअर आणि वह्यांच्या झेरॉक्ससकट. काकू त्या दिवशी पहिल्यांदा पैशावरून काही बोलली नाही.

सोपं गेलं असं समजू नको. 2021 ला नागपूरला परत आलो, पहिला ऑगस्ट फार वाईट गेला. बाहेर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला म्हणून लोक बघायला चाललेले, आणि मी घरात बसून तिकडच्या मीठाचे फोटो बघून राहिलो होतो. 2022 ला मैदानावर पाणी साचून अख्खा स्पीड वीक रद्द झाला, ते वाचून मला आधी बरं वाटलं, कोणीच पळत नाही म्हणून. मग इतकी लाज वाटली की त्या दोघांना फोन करून तासभर बोललो. त्यानंतर महिन्याभरात ती बंद पडलेली फियाट घेतली आणि रविवारी गॅरेजचं दार उघडं ठेवायला लागलो. तू आलीस ती त्यातच, आठवते का, चप्पल घालून आली होतीस आणि मी परत पाठवलं होतं.

तुझ्या भावाला आणि त्याच्या मित्रांना माझ्यातर्फे सांग. समृद्धी महामार्गावर 180 मारल्याचा व्हिडिओ मला दाखवला त्याने, मोठ्या कौतुकाने. मी पण 180 च मारत होतो, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. मीठ ओलसर असतं, टायर थंड राहतो, दोन्ही बाजूंना मैलोनमैल काही नसतं, ट्रॅकवर एकावेळी एकच गाडी आणि अँब्युलन्स चालू इंजिनवर उभी. मे महिन्यातल्या आपल्या काँक्रीटवर टायर तापून फुटतो, आणि शेजारच्या लेनमध्ये कोणाचं तरी कुटुंब शिर्डीला चाललेलं असतं. 120 ची पाटी आहे, 120. त्या पोट्ट्याला खरंच आवड असेल तर रविवारी पाठव, ब्रेक ड्रम उतरवायचे आहेत.

तिकडे गेल्यावर पहिल्या वर्षी सीट मागू नको. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजला 1.3 मैलांचा कोर्स आहे, सुक्या तळ्याची माती, पहाटे सगळ्यांसोबत चालत जाऊन खडे वेच, गाडी ढकल, पट्टे ओढून दे. लायसन्स पायरीपायरीने मिळतं, पहिली पायरी 125 मैलांच्या आतली, आपल्या गाडीला तेवढी पुरते. आणि टीममध्ये एक माणूस ठरव ज्याने "आज नको" म्हटलं की तू कारण न विचारता हेल्मेट काढशील. माझ्याकडे असा माणूस होता, पण मी त्याला तो हक्क कधी दिला नव्हता. बकल दोनदा लागतंय हे त्याने 2016 लाच बघितलं होतं, मला नंतर म्हणाला.

रविवारी ये. मूळ वह्या तुला देतो, अकरा आहेत, कापडी पिशवी आण मोठी. शेवटच्या वहीत निळी खूण घातलेलं पान आहे ते मोकळं आहे तसंच राहू दे. एक कोरी वही पण आणलीय सीताबर्डीवरून, रकाने आखून ठेवलेत, ड्रायव्हरचा सगळ्यात पहिला. काकू गोळाभात करणार आहे, बाराच्या आत ये.

तुझा,
काका