नागपुरात पहिल्या पावसानंतर घरात पंखवाल्या मुंग्या आल्या, पाळायला राणी कशी ओळखायची?

आधी वाळवी नाही ना ते बघा, पाऊस पडला की लाइटवर दोन्ही येतात. वाळवीचे चारही पंख सारखे, कंबर जाड, मिशा सरळ; मुंगीची कंबर एकदम बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या अन् पुढचे पंख मोठे. डोकं बारकं, अंग सडपातळ असेल तर तो नर, सोडून द्या. राणीची पाठ फुगीर, पोट मोठं. पंख गळालेली जाड काळी मुंगी फरशीवर एकटीच फिरताना दिसली तर तीच उचला, मुंगळ्याची राणी असू शकते अन् बहुतेक मीलन झालेलं असतं. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला परत कापूस अन् अंधारात ठेवा. मुंगळ्याच्या राणीला पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत खायला लागत नाही, सारखं उघडून बघू नका प्लीज, त्रास झाला की स्वतःचीच अंडी खाते.