बाकावरच्या चौघींचा हंगाम

प्रश्न असा आहे: अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ २०२३-२४ च्या हंगामात एकही सामना न हरता विजेता ठरला. आदल्या वर्षीच्या पाचही मुख्य खेळाडू निघून गेल्या असताना हे कसे जमले, आणि त्यात नशिबाचा वाटा किती होता?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. नशिबाची गरज पडली ती ‘अपराजित’ या शब्दासाठी. विजेतेपदासाठी ती पडली नाही. तो एक फेक चुकला असता तरी हाच संघ विजेता ठरला असता, फक्त त्याची नोंद ३८-० ऐवजी ३६-१ अशी झाली असती. हा फेक कोणता, ते पुढे येईलच. ‘कसे जमले’ या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहावे लागेल, आणि त्यासाठी आदल्या वर्षाच्या शेवटापासून सुरुवात करणे भाग आहे.

३१ मार्च २०२३ रोजी डॅलस येथे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी झाली. गतविजेता साउथ कॅरोलिना ३६ विजय आणि शून्य पराभव घेऊन मैदानात उतरला होता आणि आयोवा विद्यापीठाने त्याला ७७-७३ असे हरवले. आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकटीने ४१ गुण केले. पण त्या सामन्यातील लोकांच्या लक्षात राहिलेले दृश्य गुणांचे नव्हते. साउथ कॅरोलिनाची पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारी खेळाडू) रेव्हन जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन मोकळी उभी होती आणि क्लार्कने तिच्या अंगावर जाण्याऐवजी हाताने ‘जाऊ दे’ अशी खूण करून पाठ फिरवली. फेकायचे तर फेक, तुझ्याकडून काही होणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. आयोवाचे सगळे धोरणच तसे होते: बास्केटखाली गर्दी करायची, उंच खेळाडूंना कोंडायचे आणि लांबून फेकण्याचे आव्हान द्यायचे. ते आव्हान साउथ कॅरोलिनाला पेलले नाही. त्यानंतर अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील यांच्यासह मुख्य पाचही जणी संघाबाहेर पडल्या; महाविद्यालयीन खेळात खेळाडूची वर्षे मोजलेली असतात आणि ती संपली की कितीही मोठे नाव असले तरी जागा सोडावी लागते.

म्हणूनच नव्या हंगामाच्या आधी पत्रकारांच्या मतदानात या संघाला सहावे स्थान मिळाले, आणि तेव्हा ते कोणाला अन्यायकारक वाटले असेल असे मला वाटत नाही. प्रशिक्षक डॉन स्टेली स्वतःच या नव्या मुलींच्या गोतावळ्याला पाळणाघर म्हणत असत. त्यात लाड किती आणि वैताग किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते वैताग थोडा जास्तच होता.

नव्या मुख्य पाचजणी अशा होत्या: रेव्हन जॉन्सन, ओरेगॉन विद्यापीठातून आलेली टे-हिना पाओपाओ, ब्री हॉल, क्लोई किट्स आणि सहा फूट सात इंच उंचीची ब्राझीलची कमिला कार्डोसो. यांपैकी पाओपाओचे येणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण डॅलसमध्ये जे दुखणे उघडे पडले होते त्यावरचे ते औषध होते. ती लांबून फेकणारी होती, आणि नुसती फेकणारी नव्हे, तर त्या हंगामात तीन गुणांच्या फेकींच्या अचूकतेत देशात अग्रभागी राहिलेली खेळाडू होती. आता बास्केटखाली गर्दी करून कार्डोसोला कोंडायचे म्हटले, तर बाहेर पाओपाओ मोकळी सुटत होती.

परंतु माझे उत्तर या पाचजणींवर थांबत नाही. बाकावर आणखी चौघी बसत होत्या: मिलेशिया फुलवायली, ॲशलिन वॉटकिन्स, सानिया फेगिन आणि टेसा जॉन्सन. यांपैकी फुलवायली आणि टेसा जॉन्सन तर महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षात होत्या. मी स्वतः महाविद्यालयात असताना तीन वर्षे बहुतांश वेळ बाकावर काढलेली खेळाडू आहे, त्यामुळे माझी नजर सवयीने आधी बाकाकडे जाते, हा माझा पक्षपात समजा. राखीव खेळाडू म्हणजे मुख्य खेळाडू दमली की दोन मिनिटे जागा अडवून धरणारी मुलगी, अशी आमच्याकडे समजूत होती. स्टेलींनी ती समजूतच मोडीत काढली. महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यात दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, म्हणजे चाळीस मिनिटे आणि पाच जागा मिळून एकूण दोनशे मिनिटे वाटायची असतात. बहुतेक संघ त्यांतला सिंहाचा वाटा पाच-सहा जणींना देतात. इथे तो नऊ जणींमध्ये वाटला जात होता. कार्डोसोच्या खात्यावर सामन्यामागे सरासरी चौदाच्या आसपास गुण होते आणि तीच संघात सर्वाधिक गुण करणारी होती. देशातला सर्वोत्तम संघ आणि त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे इतके माफक आकडे, ही गोष्टच सारे काही सांगून जाते.

हंगामाचा पहिला सामना ६ नोव्हेंबर २०२३ रोजी चक्क पॅरिसमध्ये झाला. अमेरिकेतल्याच नोत्र दाम विद्यापीठाच्या मातब्बर संघाला १००-७१ असे हरवले गेले, आणि त्याच सामन्यात फुलवायलीने धावत येऊन चेंडू पाठीमागून फिरवत केलेला लेअप (बास्केटजवळ जाऊन केलेला फेक) पुढचे कित्येक दिवस समाजमाध्यमांवर फिरत राहिला. आठवड्याभरात मेरीलँडवर ११४-७६ असा विजय मिळाला आणि संघ क्रमवारीत पहिला आला, तो अखेरपर्यंत खाली उतरलाच नाही. अर्थात वाट सपाट नव्हती. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध ६५-५८ आणि युटाविरुद्ध ७८-६९ असे घाम काढणारे विजय होते, आणि २५ जानेवारीला गतविजेत्या एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) घरच्या मैदानावर त्यांच्या प्रेक्षकांच्या गोंगाटात ७६-७० असा निसटता निकाल आला. फेब्रुवारीत कार्डोसो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून ऑलिंपिक पात्रता सामने खेळायला गेली असताना कनेटिकट विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी गाठ पडली. ज्या संघाची मुख्य सेंटर (बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू) परदेशात आहे त्याने कनेटिकटसमोर काय करावे? ८३-६५ असा विजय मिळवला. हंगामाचे नऊ जणींचे गणित मला पहिल्यांदा पटले ते या सामन्यात. साखळीतले एकोणतीसही सामने असे जिंकून संघ मार्चमध्ये आला.

आता तो फेक. ९ मार्च रोजी विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध मोठी आघाडी हातची गेली, आणि अवघा एक सेकंद आणि वर थोडेसे उरले असताना साउथ कॅरोलिना ७१-७३ असा मागे होता. चेंडू बाहेरून आत द्यायचा होता. तो मिळाला कार्डोसोला, आणि तोही तीन गुणांच्या रेषेबाहेर, जिथे तिचे काहीच काम नसते. तिने महाविद्यालयीन कारकिर्दीत तोवर तीन गुणांचा एकही फेक यशस्वी केलेला नव्हता. तिने उडी मारली, चेंडू बोर्डाला लागला आणि आत गेला. ७४-७३. बोर्डाला लागून गेलेल्या फेकीला कोणी कितीही कौशल्य म्हणो, मी त्याला नशीबच म्हणेन, आणि म्हणूनच वर ‘३६-१’ असे लिहिले. मात्र हा सामना विभागीय स्पर्धेचा होता. तो हरला असता तर त्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळायला मिळाला नसता (म्हणून एक सामना कमी), पण राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले नसते.

दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात एलएसयूला ७९-७२ असे हरवले, पण त्या विजयाला गालबोट लागले. शेवटच्या काही मिनिटांत झालेल्या ढकलाढकलीत कार्डोसोने एलएसयूच्या फ्लॉजे जॉन्सनला जोरात लोटले. कार्डोसोला मैदानाबाहेर काढण्यात आले आणि बाक सोडून आत धावलेल्या खेळाडूंनाही तीच शिक्षा झाली. स्टेलींनी आणि कार्डोसोने जाहीर माफी मागितली. पाळणाघर हा शब्द त्या दिवशी कौतुकाचा राहिला नसावा. कार्डोसोवर राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्या सामन्याची बंदी आली. तो सामना संघाने तिच्याविना प्रेस्बिटेरियनविरुद्ध ९१-३९ असा जिंकला.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ होते, आणि या स्पर्धेत एक पराभव झाला की खेळ संपतो. साउथ कॅरोलिनाला त्यात सहा सामने जिंकायचे होते. हे नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण अपराजित हंगामाचे वजन त्यातूनच कळते: पाच महिने जिंकत आलेल्या संघाची एक वाईट संध्याकाळही माफ नसते. अशी संध्याकाळ येता येता राहिली ती ऑल्बनी येथे, इंडियानाविरुद्ध. मध्यांतराला सतरा गुणांची आघाडी होती, ती घसरत घसरत दोनवर आली. शेवटच्या मिनिटात चेंडू रेव्हन जॉन्सनच्या हातात आला, तोही तीन गुणांच्या रेषेबाहेर. तिने फेकला आणि तो आत गेला. निकाल ७९-७५. वर्षापूर्वी जिला ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिले होते तिचा हा फेक होता. याला मी नशीब म्हणणार नाही. तिने स्वतः त्या हंगामाला सूडाचा दौरा असे नाव दिले होते. खेळाडूंच्या अशा घोषणांचा मला एरवी कंटाळा येतो, पण इथे त्याला काही आधार होता.

ओरेगॉन स्टेटला ७०-५८ असे हरवून संघ क्लीव्हलंडला उपांत्य फेरीत पोहोचला. समोर नॉर्थ कॅरोलिना स्टेट होता आणि मध्यांतराला गुणफलक ३२-३१ असा होता. त्यात कार्डोसोचा पाय दुखावला होता. तिसऱ्या क्वार्टरचा निकाल २९-६ असा लागला. सामना तिथेच संपला; अखेरचा आकडा ७८-५९ ही औपचारिकता होती. कार्डोसोने २२ गुण केले म्हणून मथळे तिच्या नावाचे आले, परंतु बाकावरून आलेल्या वॉटकिन्सने त्या सामन्यात २० रिबाउंड घेतले, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर उसळलेला चेंडू वीस वेळा ताब्यात घेतला. राखीव खेळाडूने उपांत्य सामन्यात वीस रिबाउंड घ्यावेत, हे मी माझ्या जुन्या प्रशिक्षकांना सांगितले असते तर त्यांनी मला आकडा पुन्हा तपासायला लावला असता.

७ एप्रिल २०२४ रोजीच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा आयोवा आणि पुन्हा क्लार्क. आयोवाने पहिले दहा गुण सलग केले. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कने एकटीने १८ गुण केले आणि आयोवा २७-२० असा पुढे गेला. डॅलसची पुनरावृत्ती होणार असे वाटण्याजोगीच ती दहा मिनिटे होती. पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून मात्र क्लार्कला बाराच गुण करता आले. त्यातला मोठा वाटा रेव्हन जॉन्सनचा होता. मध्यांतराच्या थोडे आधीचा एक क्षण पाहण्यासारखा आहे: क्लार्क चेंडू टप्पे देत मैदानाच्या मध्याकडे आणत होती, जॉन्सन तिच्यासमोर जवळजवळ छातीला छाती लावून उभी होती, आणि एका टप्प्याच्या उसळीवर तिने हात घालून चेंडू हिसकावला आणि एकटीच पळत जाऊन लेअप केला. मध्यांतराला साउथ कॅरोलिना ४९-४६ असा पुढे होता. त्या दिवशी जॉन्सनच्या नावावर फारसे गुण लागले नाहीत, पण गुणतक्त्यात न दिसणारे काम तिने केले.

गुणतक्त्यात जे दिसले ते बाकाचे होते. पहिल्या वर्षातल्या टेसा जॉन्सनने बाकावरून येऊन १९ गुण केले, म्हणजे तिच्या संघातर्फे सर्वाधिक. कार्डोसोने १५ गुण आणि १७ रिबाउंड केले आणि क्लीव्हलंडमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. संघाचे एकूण रिबाउंड ५१ होते, आयोवाचे २९. चौथ्या क्वार्टरमध्ये आयोवा ८०-७५ इतका जवळ आला, पण त्यानंतर त्याला एकही गुण मिळाला नाही आणि सामना ८७-७५ असा संपला. दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंनी केलेले गुण मोजले तर निकाल होता ३७-०. विद्यापीठाचे हे २०१७ आणि २०२२ नंतरचे तिसरे विजेतेपद होते आणि अमेरिकन महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अव्वल विभागात अपराजित राहून विजेता ठरलेला हा दहावा संघ. अमेरिकेत हा सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याहून कमी प्रेक्षक होते. महिलांच्या सामन्याचे बहुतेक प्रेक्षक क्लार्कसाठी आले असणार, यात शंका नाही.

आपण या हंगामातला एकच तुकडा पाहणार असाल, तर माझी शिफारस अंतिम सामन्याची नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्धचा तिसरा क्वार्टर पाहावा, चेंडूकडे थोडे दुर्लक्ष करून कोण आत येते आणि कोण बाहेर जाते याकडे लक्ष ठेवावे, आणि बदली खेळाडू आत आल्यावर समोरच्या संघाला कुठे श्वास घ्यायला फुरसत मिळते का, ते तपासावे. मला ती फुरसत त्या दहा मिनिटांत कुठेही सापडली नाही.