वाचकांचे प्रश्न : शूटिंग रेंजवरचे शिसे

प्रश्न : आमच्या दहा मीटर एअर रायफल रेंजवर वापरलेल्या पेलेटची (शिशाच्या छऱ्यांची) पोती साठली आहेत. वितळवून विटा पाडल्या तर चांगला भाव देईन, असे भंगारवाला म्हणतो. पाडाव्यात का?
– एक प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : पाडू नका. ४.५ मिलिमीटरचा पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा. वीस नेमबाजांनी रोज शंभर झाडले, तर पंचवीस दिवसांत ५०,००० पेलेट होतात, म्हणजे जवळपास २५ किलो. हे शिसे आधीच बरेच शुद्ध असते. वितळवल्याने त्याची प्रत फारशी सुधारत नाही, उलट काही वजन मळीत, म्हणजे वर जमणाऱ्या राखेत, जाते आणि ती विषारी मळी तुमच्याकडेच उरते. पेलेट आहेत तसेच, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याला द्या आणि पावती जपून ठेवा.

तुमचे खरे लक्ष धुळीकडे हवे. पेलेट निशाणामागच्या लोखंडी सापळ्यावर आपटतो तेव्हा शिशाची भुकटी होते. सापळा रिकामा करणे आणि कोरड्या झाडूने फरशी झाडणे, या दोन कामांत ती श्वासात जाते. फरशी ओल्या फडक्याने पुसा. सापळा रिकामा करण्याआधी पाणी फवारा. हे काम मोठ्या माणसानेच करावे, तेही धुळीचा फिल्टर असलेला मास्क लावून. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात रेंजवर शाळकरी मुले असणारच. त्यांना सापळ्याला हात लावू देऊ नका आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. मुलांच्या रक्तातले शिसे वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. अमेरिकेत २०२१पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की मुलाकडे लक्ष द्यायला घेतात. सुरक्षित म्हणावी अशी पातळी मात्र कोणतीच नाही.

प्रश्न : पागाला (फेकायच्या जाळ्याला) लावायची शिशाची वजने आम्ही घरीच ओततो. ओळखीच्या एका क्लबने .२२ रायफल रेंजच्या बटमधले, म्हणजे निशाणामागच्या मातीच्या बांधातले, शिसे रीतसर देऊ केले आहे. त्यात माती, दगड, सगळेच आहे. साफ कसे करावे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : .२२ची साधी गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, म्हणजे किलोला पावणेचारशेच्या आसपास. ती बहुतेक नरम शिशाची असते, तुमच्या कामाला उत्तम.

माती आधी ओलसर करा आणि मगच चाळा. कोरडी चाळलीत तर धूळ छातीत जाईल. चाळणीवरचा माल हाताने निवडा, हातमोजे घालून. या वेळी न उडालेले काडतूस शोधायचे आहे. एखादे सापडले तर बाजूला ठेवून क्लबच्या अधिकाऱ्याच्या हवाली करा. भांड्यात गेलेले काडतूस तापून फुटले, तर पितळेचे तुकडे आणि वितळलेले शिसे दोन्ही अंगावर येते.

मग माल धुऊन पूर्ण वाळवा. निदान दोन दिवस कडक उन्हात, पसरून. पावसाळ्यात हे काम काढूच नका. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब अडकला की त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातले शिसे वर उसळते. शिसे ओतताना भाजण्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून सगळा माल थंड भांड्यातच भरायचा आणि नंतर आच लावायची. वितळलेल्या शिशात वरून नवा माल टाकायचा नाही.

भांडे जाड लोखंडी किंवा बिडाचे, तळ सपाट. अ‍ॅल्युमिनियमचे चालत नाही, तापल्यावर ते वजनाखाली दगा देते. दहा किलो शिसे एक लिटरपेक्षाही कमी जागेत मावते, त्यामुळे वजनाचा अंदाज हमखास चुकतो. शेगडीचा स्टँड आधी तपासा. काम अंगणात, वारा पाठीवर घेऊन. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल. सगळे वितळेपर्यंत भांड्यावर जड झाकण ठेवा.

शिसे ३२७ अंशांना वितळते. ३५० ते ३७० अंशांवर काम करा. थर्मामीटर नसेल तर पृष्ठभाग पाहा : त्यावर निळसर-सोनेरी झाक आली, की आच जास्त झाली. जास्त आचेने मळी वाढते आणि धूरही. दगड, माती वर तरंगतात. सुपारीएवढे मेण टाका आणि त्याचा धूर काडीने पेटवून द्या. कोरड्या लोखंडी पळीने तळापासून ढवळत कडा खरवडा. मेणामुळे ऑक्साइडचे पुन्हा शिसे होते आणि वर कोरडी, काळपट राख उरते. ती लोखंडी झाऱ्याने काढा. झारा आधी भांड्याच्या काठावर तापवून घ्या, नाहीतर शिसे त्यालाच चिकटेल.

ही राख म्हणजेच मळी, आणि सगळ्या कामात सर्वांत घातक तीच. घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवानाधारक कारखान्याला द्या. माडाच्या आळ्यात, विहिरीजवळ किंवा कचऱ्यात टाकू नका. ते भांडे, पळी, झारा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. कामाचे कपडे वेगळे धुवा.

बॅटरीतले शिसे यात मिसळू नका. त्यात आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम असते आणि त्याच्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतो.

प्रश्न : इथे क्लबच्या परवानगीने बटमधले शिसे गोळा करतो. त्यात तांब्याच्या कवचाच्या गोळ्या बऱ्याच असतात. यंदा त्यात गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनेही घातली, तर शिसे दाट झाले, गोळ्यांच्या साच्यात नीट उतरेना.
– एक वाचक, टेक्सस

उत्तर : कवचाची काळजी नको. तांबे शिशापेक्षा हलके; आतले शिसे वितळून निघते आणि कवच वर तरंगते. पूर्ण बंद कवच मात्र आधी कापून किंवा ठेचून घ्या, नाहीतर शिसे आतच राहते.

दाटपणा चाकांच्या वजनांतल्या जस्ताचा आहे. वितळलेल्या शिशात जस्त गेले की ते लापशीसारखे होते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते. तुम्ही ३७० अंशांवर थांबला असतात तर ते घन राहून वर तरंगले असते आणि झाऱ्याने निघाले असते. पुढच्या वेळी प्रत्येक वजन पक्कडीने चावून पाहा : शिशाचे दबते, जस्ताचे दबत नाही. शंका राहिली तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, जस्तावर लगेच फेस येतो. बिघडलेले शिसे पुन्हा शुद्ध करत बसू नका, भंगारात द्या.

हे वाचून भारतात कोणी गोळ्या ओतायचा विचार करत असेल, तर शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो.

प्रश्न : लष्कराच्या सरावक्षेत्राशेजारी आमची जमीन आहे. तिथले भंगार वेचले तर चालेल का?
– एक शेतकरी, अहिल्यानगर

उत्तर : अजिबात नाही. तिथे फक्त गोळ्या नसतात, न फुटलेले तोफगोळेही असतात. दिसलेल्या वस्तूला हात न लावता जागेची खूण लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा.

प्रश्न : आमच्या उघड्या रेंजचा बांध जांभ्या मातीचा आहे. शिसे विहिरीत उतरेल का?
– एक क्लब, सिंधुदुर्ग

उत्तर : उतरू शकते. आम्लधर्मी मातीत शिसे जास्त विरघळते, आणि जांभी माती बहुधा आम्लधर्मीच असते. मातीचा सामू तपासा आणि शेतीचा चुना मिसळून तो ६.५ ते ८.५ च्या दरम्यान ठेवा. बांधावर गवत वाढू द्या, पायथ्याशी पाणी साचू देऊ नका आणि मृगापूर्वी माती चाळून शिसे काढून घ्या. विहिरीचे पाणी पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा प्रयोगशाळेत तपासून घ्या.